न आलेल्या कथेचे वाचन

2021 च्या पावसाळ्यात आमच्या घरी एका काल्पनिक वीराच्या केसांवरून मोठा वाद झाला. नातवाचे म्हणणे असे, की जमिनीवर दिसणारा केस मागे बांधलेला वीर आणि आकाशातल्या बेटांवर दिसणारा मोकळ्या केसांचा वीर हे दोघे एक नव्हेत. नातीचे म्हणणे, केस सुटले म्हणून माणूस बदलत नाही. दीड मिनिटाची एकच चित्रफीत दोघे पुन्हा पुन्हा थांबवून एकमेकांस दाखवीत होती. शेवटी नात म्हणाली, "आजोबा, तुम्हीच सांगा." आम्हांला त्यातले काहीच कळत नव्हते, आणि खरे सांगायचे तर हा सारा रिकामपणाचा उद्योग आहे असेच आमचे मत होते.

वाद मात्र तीन दिवस टिकला, आणि त्यातली भाषा आमच्या कानी पडत राहिली. "हे इथे दिसते, पण त्यावरून ते सिद्ध होत नाही." "आधीच्या भागात हा पोशाख कुठेच नव्हता, मग आता का आला?" "तू तुला हवे ते पाहतेस, समोर आहे ते पाहत नाहीस." असली वाक्ये आम्ही पूर्वी ऐकली होती. चातुर्मासात घरी पोथी लागली, की वडील आणि त्यांचे स्नेही एखाद्या शब्दावर अडून बसत. गणपतीच्या आरतीत 'संकटी' म्हणावे की 'संकष्टी', हा वाद तर आपल्या बहुतेक घरांतून आजही दरवर्षी उपस्थित होतो. व्हिडिओ गेमच्या पडद्यापुढे तोच सूर ऐकू आल्यावर आम्ही खुर्ची जवळ ओढली. त्या श्रवणातून जे हाती लागले ते येथे मांडावयाचे आहे.

विषय बहुतेक वाचकांना अपरिचित असणार, म्हणून थोडी ओळख आवश्यक आहे. क्योतो येथील निन्टेंडो ही जपानी कंपनी 1986 पासून 'द लेजंड ऑफ झेल्डा' ह्या नावाची खेळमालिका काढीत आली आहे. हायरूल नावाचे राज्य, झेल्डा नावाची राजकन्या, लिंक नावाचा जवळजवळ मुका वीर आणि त्यांच्या विरोधात उभा राहणारा गॅननडॉर्फ, एवढी पात्रे युगायुगांतून नव्या रूपांनी येत राहतात. अवतारकल्पनेशी परिचित असलेल्या आपल्या वाचकांस ही रचना समजावयास जड जाऊ नये. मार्च 2017 मध्ये ह्या मालिकेत 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा खेळ आला आणि अत्यंत लोकप्रिय झाला. जून 2019 मध्ये त्याच्या पुढील भागाची पहिली झलक दाखविण्यात आली. प्रत्यक्ष खेळ 'टिअर्स ऑफ द किंग्डम' ह्या नावाने 12 मे 2023 रोजी प्रसिद्ध झाला. मधली जवळजवळ चार वर्षे चाहत्यांच्या हाती मिनिट-दीड मिनिटाच्या मोजक्या चित्रफिती, एक दिलगिरीचा निरोप आणि पुष्कळ काळ एवढेच होते. ह्या तुटपुंज्या सामग्रीवर जगभर जे वाचन झाले, तो आमच्या लेखाचा विषय. प्रत्यक्ष खेळ त्या वाचनाची कसोटी म्हणून येथे येईल. पुढे कथेचे रहस्य उघड होणार आहे. ज्यांना अद्याप खेळावयाचे असेल त्यांनी येथेच थांबावे.

चर्चेत आलेले तपशील शेकड्यांनी असतील. त्यांतले तीन आम्ही निवडतो, कारण त्यांची गती तीन प्रकारची झाली.

पहिला तपशील राजकन्येच्या केसांचा. 2019 च्या झलकीत लिंक आणि झेल्डा मशाल घेऊन राजवाड्याखालच्या भुयारात उतरतात. तेथे एक सुकलेले कलेवर आहे आणि एका हिरव्या, चमकत्या हाताने ते छातीशी दाबून धरले आहे. कलेवराचे डोके वळते, डोळे पेटतात आणि वर राजवाडा जमिनीतून उचलला जातो. एवढे भयंकर दृश्य समोर असताना चाहत्यांचा एक मोठा वर्ग बोलत राहिला तो झेल्डाच्या केसांविषयी. आधीच्या खेळात ते लांब होते, आता आखूड. ह्यावरून असा तर्क निघाला, की लांब केसांची हालचाल संगणकावर दाखविणे कठीण, ते आखूड केले आहेत त्या अर्थी ह्या वेळी खेळणाऱ्याला राजकन्या होऊनही खेळता येणार. तर्क कारागिरीच्या बाजूने आलेला आहे, अगदीच पोकळ नाही. पण त्याच्या मुळाशी इच्छा होती. जिच्या नावाने मालिका चालते तिला खेळाडूच्या हाती कधी द्यावयाचे, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात होता, आणि आखूड केसांत त्यांना त्याचे उत्तर दिसले. खेळ आल्यावर त्या केसांतून तसे काहीच निघाले नाही. झेल्डा आरंभीच खोल दरीत कोसळते आणि वर्तमानकाळातून नाहीशी होते. ती इच्छा पुरी झाली ती सप्टेंबर 2024 मध्ये, 'एकोज ऑफ विझ्डम' ह्या निराळ्याच खेळात, जेथे नायिकेची भूमिका तिचीच आहे. म्हणजे प्रश्न योग्य होता. त्याचे उत्तर चुकीच्या ठिकाणी शोधले गेले. त्याच झलकीतल्या कलेवराविषयीचा तर्क मात्र अचूक ठरला. त्याचे लाल केस आणि अंगावरचे अलंकार पाहून चाहत्यांनी तो गॅननडॉर्फ असल्याचे पहिल्याच दिवसापासून सांगितले होते. एकाच चित्रफितीतल्या दोघांच्या केसांपैकी एकाच्या केसांनी खरे सांगितले, दुसऱ्याच्या केसांनी काहीच सांगितले नाही. तपशील वाचणाऱ्याने ही शक्यता नेहमी जवळ बाळगावी.

दुसरा तपशील नावाचा. कंपनीने पुढील भागाचे नाव तीन वर्षे राखून ठेवले. नावातून कथेचा सुगावा लागतो, असे तिच्या प्रतिनिधीने 2021 मध्ये सूचित केले होते. सप्टेंबर 2022 मध्ये नाव जाहीर झाले आणि इंग्रजी वाचकांत नवीच अडचण उभी राहिली. त्या नावातला पहिला शब्द इंग्रजीत एकाच अक्षररचनेने लिहितात आणि दोन रीतींनी उच्चारतात: 'टिअर्स' म्हटले तर अश्रू, 'टेअर्स' म्हटले तर फाटी किंवा चिरा. राज्याचे अश्रू की राज्याला पडलेल्या चिरा? जमीन दुभंगलेली, राजवाडा वर उचललेला, आकाशात जमिनीचे तुकडे तरंगणारे. चिरांचा अर्थही चांगलाच बसत होता. लवकरच 'अश्रू' हाच उच्चार खरा असल्याचा खुलासा झाला. गंमत अशी, की जपानी वाचकांस हा प्रश्न पडलाच नव्हता. त्यांच्या उच्चारानुसारी लिपीत ते नाव लिहिताना एक उच्चार निवडावाच लागतो, आणि तेथे तो अश्रूंचा होता. आपली देवनागरीही ह्या बाबतीत तशीच आहे. ह्या लेखात नाव लिहिताना आम्हांला पहिल्याच अक्षरात निर्णय घ्यावा लागला. अनुवाद करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: मूळ भाषा ज्या ठिकाणी दोन अर्थ झाकून ठेवते, त्या ठिकाणी दुसरी लिपी एक अर्थ उघडा करते आणि दुसरा गमावते. चाहत्यांनी हा वाद घातला नसता, तर चिरांचा अर्थ कुणाच्या ध्यानीही आला नसता. आमच्या मते तो अर्थ चुकीचा ठरूनही व्यर्थ गेला नाही. खेळातले राज्य खरोखरच आकाश, भूमी आणि पाताळ अशा तीन थरांत फाटलेले आहे.

तिसरा तपशील आमच्या घरच्या वादाचा, आणि तोच सर्वांत बोधप्रद. जून 2021 च्या झलकीत भूमीवर लिंक ओळखीच्या निळ्या पोशाखात दिसतो. आकाशातल्या दृश्यांत त्याचे केस मोकळे आहेत, अंगावर एक खांदा उघडा ठेवणारे प्राचीन धाटणीचे वस्त्र आहे आणि उजवा हात निराळाच, हिरव्या प्रकाशाचा आहे. बहुतेक वेळ तो पाठमोराच दिसतो. ह्यावरून एक मोठा पक्ष तयार झाला: आकाशातला वीर हा आपला लिंक नव्हे, तो प्राचीन काळचा कोणी पूर्वावतार आहे आणि ती दृश्ये भूतकाळातली आहेत. त्यांच्या हाती पुरावाही होता. झलकीत उतारावरून गडगडत आलेला काटेरी गोळा उलटा वर जातो; झलकींचे संगीत उलटे वाजविले आहे असे बारकाईने ऐकणाऱ्यांनी दाखवून दिले होते. काळ मागे फिरविला जात आहे, हे उघड होते. मग वीरही मागच्या काळातला का नसावा?

मे 2023 मध्ये उत्तर मिळाले. वीर एकच होता. भुयारातल्या आघातात त्याचा उजवा हात निकामी झाला, त्या जागी हायरूलचा पहिला राजा राऊरू ह्याचा हात आला, आणि शुद्धीवर आल्यावर आकाशातल्या बेटावर त्याला ते जुने वस्त्र मिळाले. आमच्या नातीचा पक्ष खरा ठरला. परंतु नातू सर्वस्वी हरला असे म्हणता येत नाही. कथेत खरोखरच कोणी तरी राज्यस्थापनेच्या प्राचीन काळात जाऊन पोहोचते, ती झेल्डा. दरीत कोसळलेली राजकन्या राऊरू आणि राणी सोनिया ह्यांच्या काळात जाऊन पडते. पूर्वावताराचा पक्ष घेणाऱ्यांनी ह्या कथेचा प्राण भूतकाळात आहे हे दोन वर्षे आधी अचूक ओळखले होते. त्यांनी तो चुकीच्या पात्राच्या अंगावर ठेवला. सगळे नायकाकडे पाहत होते, म्हणून जे नायिकेचे होते तेही त्यांनी नायकाला देऊन टाकले. ही चूक आम्हांला केवळ खेळाडूंची वाटत नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांच्या समीक्षेतही ती वारंवार झालेली आहे.

येथे एक तुलना करण्याचा मोह होतो. महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे पुण्याच्या भांडारकर संस्थेतले कार्य 1919 मध्ये सुरू होऊन 1966 मध्ये पुरे झाले. आमच्या वडोदऱ्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 ह्या काळात सात कांडांत प्रसिद्ध झाली. एकेका शब्दासाठी अनेक पोथ्या ताडून पाहणाऱ्या त्या विद्वानांच्या शेजारी नातवंडांना नेऊन बसविणे अर्थातच योग्य नव्हे. त्यांच्यापुढे पोथ्या होत्या. ह्यांच्यापुढे कथाच अजून आलेली नव्हती. पण ह्याच फरकात आम्हांला ह्या वादाचे वैशिष्ट्य दिसते. पोथीवर वाद घालणाऱ्याला पाठ सिद्ध झाल्यावरही आपला पाठभेद तळटीपेत जिवंत ठेवता येतो. न आलेल्या कथेवर वाद घालणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की एक दिवस कथा येईल आणि आपला तर्क बहुधा खोटा पाडील. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक' साप्ताहिकातून 1890 पासून कादंबऱ्या क्रमशः येऊ लागल्या, तेव्हा पुढील अंकाची वाट पाहणारा मराठी वाचकही असाच आठवडाभर तर्क करीत बसला असेल. खोटे ठरण्याची तयारी ठेवून केलेले वाचन हे उंची वाचन होय, असे आमचे मत आहे.

ही तयारी सर्वांची होती असे मात्र नाही. कंपनीने मार्च 2022 मध्ये खेळ त्या वर्षी येणार नाही, 2023 च्या वसंतात येईल असे सांगितले. निर्माते आइजी आओनुमा ह्यांनी स्वतः पडद्यावर येऊन दिलगिरी व्यक्त केली आणि शेवटी क्षणभर वीराच्या हातातली गंजून तुटलेली तलवार दाखविली. त्या एका चित्रावर आणखी सहा महिन्यांची चर्चा झाली. त्याच सुमारास चर्चेचा सूर काही ठिकाणी बदललेला आम्हांला जाणवला. तर्क करणारा जेव्हा आपल्या तर्कावर लोभ धरतो, तेव्हा तो कथेकडून आपल्या तर्काची पूर्तता मागू लागतो. "असे व्हावयास हवे" ह्याचे "असे झाले नाही तर फसवणूक झाली" असे रूपांतर होते. वाचक सावकार होतो आणि लेखक कर्जदार. ह्या वृत्तीचा दोष तपशिलाच्या आवडीवर ढकलणे आम्हांला बरोबर वाटत नाही. तपशिलाची खरी आवड असलेला मनुष्य आपल्या मताविरुद्ध जाणारा तपशीलही तितक्याच प्रेमाने टिपून ठेवतो.

ह्याचा एक पुरावा आम्हांला घरातच मिळाला. फेब्रुवारी 2023 मध्ये ह्या खेळाच्या चित्रसंग्रहाची पाने फुटली आणि प्रसिद्धीच्या काही दिवस आधी प्रत्यक्ष खेळच चोरवाटेने बाहेर आला. चार वर्षे एकेका चौकटीसाठी भांडणाऱ्या आमच्या नातवंडांनी ते पाहण्याचे कटाक्षाने टाळले. त्यांच्यासारखे पुष्कळ होते. केवळ माहितीची भूक असती तर ती तेथे फुकट भागत होती. त्यांना माहिती नको होती. कथा तिच्या क्रमाने, तिच्या वेळी आणि तिच्याच तोंडून हवी होती. आम्ही त्या दिवशी आपले जुने मत मनोमन मागे घेतले.

आता खेळाविषयी. इतक्या वाचनाच्या कसोटीला तो उतरला काय? एका बाबतीत तो वाचकांना पुरून उरला. भूतकाळात अडकलेल्या झेल्डापुढे प्रश्न असतो तो तुटलेली तलवार युगे ओलांडून वीरापर्यंत पोहोचविण्याचा. गूढ मणी गिळणारा अमर ड्रॅगन होतो, पण स्वतःची ओळख कायमची गमावतो, असे तिला ठाऊक आहे. ती मणी गिळते. त्यानंतर हजारो वर्षे ती आकाशात फिरत राहते, मस्तकात रुतलेल्या तलवारीला आपल्या तेजाने पुन्हा सिद्ध करीत. तिचे अश्रू भूमीवर पडून तेथे प्रचंड आकृती उमटल्या आहेत आणि त्या आकृतींतूनच वीराला ही हकीगत तुकड्यातुकड्यांनी कळते. नावातले अश्रू ते हेच. हा ड्रॅगन खेळाच्या आरंभापासून आकाशात दूरवर उडताना दिसतो; बोधचिन्हातही दोन ड्रॅगन एकमेकांची शेपटी धरून वर्तुळात गुंफलेले होते. केसांची लांबी मोजणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी डोक्यावरून जाणारी राजकन्या पाहूनही ओळखली नाही. आमचा नातू त्यांतलाच. "आजोबा, ती पहिल्या दिवसापासून समोर होती," एवढेच तो म्हणाला आणि बराच वेळ गप्प बसला. कलाकृतीने वाचकाचा पराभव करावा तो असा.

दुसऱ्या बाबतीत मात्र खेळ वाचकांपेक्षा उणा पडला. शेवटी राऊरू आणि सोनिया ह्यांच्या शक्तीने झेल्डा पूर्ववत मानवी रूपात येते, वीराचा हातही परत मिळतो. परत येण्याची वाट नाही असे ज्या त्यागाविषयी सांगितले होते, त्याची किंमत अखेरच्या काही मिनिटांत परत केली जाते. गोड शेवट आम्हांलाही आवडतो. पण येथे तो आधीच्या अश्रूंना हलके करतो असे वाटल्यावाचून राहत नाही. तसेच, आधीच्या खेळात ठायी ठायी असलेली प्राचीन देवस्थाने आणि यंत्रे ह्या भागात जवळजवळ नाहीशी झाली आहेत, आणि ती कुठे गेली ह्याचा समाधानकारक उलगडा कथा करीत नाही. राज्यस्थापनेचा हा नवा वृत्तान्त, 2011 च्या 'हायरूल हिस्टोरिया' ह्या ग्रंथात कंपनीनेच मांडलेल्या कालक्रमाशी कसा जुळवावा, ह्यावर वाद अजून चालूच आहे. हे प्रश्न चाहत्यांनी विचारले आणि ते रास्त आहेत. जग उभारणाऱ्याने तपशिलांवर प्रेम करावयास शिकविले असेल, तर त्याच तपशिलांचा हिशेब त्याला मागितला जाणार.

आम्ही येथे जी चर्चा ऐकली ती बरीचशी इंग्रजीत चालली होती; आमच्या घरात ती मराठीत आली ती दोन भावंडे घरी मराठीत भांडतात म्हणून. वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांतून नवी पिढी वाचत नाही, अशी तक्रार ह्या पत्रिकेच्या पानांतूनही अनेकदा झाली आहे, आणि ती करणाऱ्यांत आम्हीही होतो. ती मुळीच खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. मराठी पुस्तक त्या मुलांच्या हाती कमी आहे हे खरेच. परंतु पुरावा मागणे, अर्थ लावणे, आपला अर्थ मागे घेणे, एका शब्दावर अडून बसणे ह्या सवयी त्यांच्यापाशी आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात आपली भाषा ज्या गोष्टींनी तगली त्यांत ह्या सवयींचा वाटा मोठा होता. घरात वाद घालण्याजोगे काही उरले, तरच घरात भाषा उरते.

ह्या गणेशोत्सवात आरतीच्या वेळी नातवाने 'संकष्टी' म्हटले आणि नातीने त्याला तेथेच अडविले. प्रसाद होईपर्यंत वाद चालला. कोणता पाठ खरा, हे दोघांनीही आम्हांला विचारले. आम्ही कपाटातून आरत्यांची तीन जुनी पुस्तके काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.